बुधवारची अकराची टूर

कार्यक्रम रद्द करणं हे मंजूषाचं मूळ काम नव्हतं. तिची कंपनी आम्स्टरडॅमला स्लोटरडाइक स्टेशनसमोरच्या एका इमारतीत होती आणि युरोपातल्या संग्रहालयांची, किल्ल्यांची तिकिटं ऑनलाइन विकायची. मंजूषाकडे बुडापेस्ट होतं. डॅन्यूबच्या काठावर, बुडाच्या टेकडीवर जुना राजवाडा, चर्च आणि दगडी गल्ल्या आहेत. तिथल्या अंगणातल्या मैफली, वाइनचा उत्सव आणि गाइडबरोबरच्या पायी टूर, एवढं सगळं तिच्या स्क्रीनवरून चालायचं. आठवड्यातून दोन दिवस ती आइंडहोवनहून ट्रेनने ऑफिसला जायची, बाकीचे दिवस घरून काम. चार वर्षं झाली तरी बुडापेस्टला ती स्वतः एकदाही गेली नव्हती. जाऊ की, जाऊ की म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

मार्च २०२०मध्ये ऑफिस बंद झालं आणि तिचं काम उलटं सुरू झालं. जे विकलं ते एकेक करून मागे घ्यायचं. 'कळवण्यास खेद होतो' अशा अर्थाचं पत्र तिने चार भाषांत तयार ठेवलं होतं. तारीख बदलायची, कार्यक्रमाचं नाव बदलायचं, पाठवून द्यायचं. आधी ईस्टरच्या मैफली गेल्या, मग जूनच्या. सुरुवातीला लोक लांबलचक उत्तरं लिहायचे. कुणाच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती, कुणाची आई बुडाला जन्मली होती. वर्ष संपता संपता नुसतं 'ओके' यायला लागलं.

तिचा नवरा विश्वास चिपची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याचं काम घरून होण्यासारखं नव्हतं, तो सकाळी साडेसहाला सायकल काढून जायचा. आठ वर्षांची आर्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून डच शाळा करायची, दुसऱ्या टोकाला मंजूषा.

दुपारी कराडहून दादाचा व्हिडिओ कॉल यायचा. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ जयप्रकाश. आणीबाणीच्या वर्षी जन्मला म्हणून वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव. कराडला त्याची साउंड सर्व्हिस होती. लग्नं, गणपती, व्याख्यानमाला, शाळांची गॅदरिंगं. त्याचंही सगळं बंद पडलं होतं.

"आज काय रद्द केलंस?" तो विचारायचा.

"तीन मैफली."

"उघड्यावर होत्या का आत?"

"राजवाड्याच्या अंगणात."

"म्हणजे चारी बाजूंनी भिंती. आवाज घुमत असणार गं. मागच्या रांगेला शब्द कळत नसेल. त्यांना म्हणावं, दोन मोठे लावण्यापेक्षा सहा लहान लावा."

"दादा, मैफलच होणार नाहीये."

"आज नाही, पुढं कधीतरी होईल की. तेव्हा सांग."

एकदा तिने त्याला त्या जागेचा नकाशा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. "खाली नदी, वर कोट. म्हणजे आपला पंताचा कोटच की हा," तो म्हणाला. त्याच्या मागे बसलेली मृणालिनी वहिनी हसली. "ह्यांना सगळं जग कराडच दिसतं."

नोव्हेंबरमध्ये हंगेरीतली संग्रहालयं पुन्हा बंद झाली. जानेवारीत मंजूषाच्या मॅनेजरने ठरवलं की निदान टूर तरी ऑनलाइन करू. एक गाइड हातात फोन घेऊन त्या टेकडीवर चालेल, लोक घरी बसून बघतील, प्रश्न विचारतील. गाइड होती इल्दिको. अठ्ठावन्न वर्षांची, सव्वीस वर्षं तिथे लोकांना फिरवत आलेली. तिच्या भाषेत 'ज'चा 'य' होतो, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून 'मान्युशा' म्हणायची. मंजूषाने कधी सुधारलं नाही.

फेब्रुवारीत चाचणी घेतली आणि वाऱ्यापुढे काहीच ऐकू येईना. टेकडीवर वारा असा की इल्दिकोचं एक वाक्य धड पोचेना. मंजूषाने दुपारी दादाला सांगितलं.

"माइकला मोजा घालायला सांग," तो ताबडतोब म्हणाला. "लोकरीचा, दुहेरी. आणि नवा नको हं. नव्याची लव खरखरते. चार वेळा धुतलेला घ्यायचा."

इल्दिकोने नवऱ्याचा हिरवा मोजा घातला. आवाज स्वच्छ आला. "तुझ्या भावाला माझ्याकडून धन्यवाद सांग," ती म्हणाली. मंजूषाने सांगितलं तेव्हा दादा इतका खूश झाला की त्याने हरिहरला बोलावून फोनवर परत सगळं सांगायला लावलं. हरिहर वीस वर्षं त्याच्या गाडीवर, जनरेटरवर होता. "ऐक, आपला मोजा परदेशात चालला," दादा त्याला म्हणाला.

त्यानंतर दर बुधवारी अकरा वाजता टूर व्हायची. पन्नास-साठ लोक यायचे. इल्दिको बोलायची, मंजूषा मागे बसून कनेक्शन बघायची, लोकांच्या प्रश्नांना लिहून उत्तरं द्यायची. चार-पाच आठवड्यांत तिला ते सगळं पाठ झालं.

एप्रिलच्या मध्यावर दादाला ताप आला. वहिनीलाही आला, पण तिचा घरीच उतरला. दादाला दवाखान्यात हलवावं लागलं. मंजूषाने सुट्टी टाकायची, तिकीट काढायचं ठरवलं. विश्वास म्हणाला, "तू जा. आर्याला मी बघतो, कारखान्यात सांगतो." तेवढ्यात बातमी आली की भारतातून नेदरलँड्सला येणारी विमानं सव्वीस तारखेपासून बंद. जाता आलं असतं, परत कधी येता येईल याचा पत्ता नव्हता.

दादा मास्क बाजूला करून बोलला. "येऊ नकोस. इथं येऊन तुला कुणी आत सोडणार नाही. पोरगी तिकडं, तू इकडं, काय उपयोग? मी येतोच आहे घरी." चार वाक्यांसाठी त्याला किती वेळ लागला ते तिने पाहिलं. ती गेली नाही.

सत्तावीस एप्रिलला डच राजाचा वाढदिवस होता. गल्लीत मुलांनी नारिंगी पताका लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी साडेसातला वहिनीचा फोन आला.

"गेले गं," वहिनी म्हणाली.

"बरं," मंजूषा म्हणाली.

तोंडातून तेवढंच आलं. वहिनी पुढे सांगत होती. बॉडी घरी देणार नाहीत, नगरपालिकेचे लोक परस्पर नेणार, वहिनीचा क्वारंटाइन संपला नाही म्हणून तिला बाहेर पडता येणार नाही, हरिहर स्मशानाच्या फाटकापर्यंत जाणार आहे, तो व्हिडिओ कॉल लावेल, इथले अडीच म्हणजे तुझे किती? अकरा, मंजूषा म्हणाली. तिने फोन ठेवला. आर्याच्या डब्यात पाव-चीज भरलं, तिच्या जॅकेटची चेन लावली, तिला पुन्हा भरायला लागलेल्या शाळेत सोडून आली. विश्वासला फोन केला. पण कारखान्यात आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. तिने मेसेज टाकून ठेवला.

मॅनेजरला एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. त्याने टूर दुसऱ्याला सांभाळायला दिली असती, नाहीतर पुढे ढकलली असती. पुढे ढकलायचं पत्र तर तिच्याकडे चार भाषांत तयार होतं. तिने कुणाला काही लिहिलं नाही. का नाही लिहिलं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

अकरा वाजता लॅपटॉपवर चौसष्ट माणसं जमली आणि इल्दिको टेकडीच्या उत्तर टोकाच्या कमानीखाली उभी राहून सगळ्यांना सुप्रभात म्हणाली. अकरा वाजून दोन मिनिटांनी फोनवर हरिहर आला. मंजूषाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. हरिहर रडत होता, मागे कुठली तरी गाडी रिव्हर्स घेत होती आणि तिचा कर्णा वाजत होता. दोन्ही आवाज एकदम येत होते. मंजूषाने फोनचा आवाज बंद केला. कानात इल्दिको राहिली.

फाटकाच्या गजांमधून दिसत होतं. पांढऱ्या पोशाखातली चौघं गाडीच्या मागच्या दाराशी होती. त्यांनी पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं. ते लांब होतं. दादा उंच होता.

इल्दिको सांगत होती, "या चौकातला हा खांब प्लेगच्या साथीनंतर उभारला. खरं म्हणजे आधी एक लहान खांब उभारला होता, साथ गेली म्हणून. मग साथ परत आली. ती ओसरल्यावर लोकांनी लहान खांब इथून हलवला आणि हा मोठा बांधला."

ग्रोनिंगनच्या एका निवृत्त शिक्षकाने विचारलं, चर्चची रंगीत कौलं मूळची आहेत का? मंजूषाने लिहिलं, नाही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नव्याने बसवली. तिने शुद्धलेखन तपासलं आणि पाठवलं. मान वर केली तेव्हा फाटकाच्या आत धूर दिसत होता आणि खाली कोपऱ्यात हरिहरच्या चपला. फोन त्याच्या हातात तिरका झाला होता. अकरा वाजून चौदा मिनिटांनी त्याने कॉल बंद केला.

टूर बारापर्यंत चालली. मंजूषाने सगळ्यांचे आभार मानले, अभिप्रायाची लिंक पाठवली. इल्दिको म्हणाली, "आज कनेक्शन एकदाही तुटलं नाही, मान्युशा." "हो," मंजूषा म्हणाली, "आज चांगलं झालं."

विश्वासने मेसेज पाहिला तेव्हा साडेबारा झाले होते. तो तसाच सायकल हाणत घरी आला. दारात त्याने तिला जवळ घेतलं आणि तोच रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या आठवड्यांत आइंडहोवनची मराठी मंडळी दाराशी डबे ठेवून जायची, लांबून हात जोडायची. मंजूषा ते डबे धुऊन परत करायची. ती जेवत होती, झोपत होती, आल्बर्ट हाइनमध्ये जाऊन दूध-भाजी आणत होती. फक्त प्रत्येक गोष्टीला काच लावल्यासारखं वाटत होतं. एकदा आर्या तिच्याकडे टक लावून बघत राहिली आणि तिने डचमध्ये विचारलं, आई, तू रागावली आहेस का? "नाही गं," मंजूषा म्हणाली. "मग तुझं तोंड असं का?" हे मात्र आर्याने मोडक्या मराठीत विचारलं. मंजूषाने आरशात जाऊन पाहिलं. तोंड रोजच्यासारखंच होतं.

विश्वासच्या आग्रहाने ती हाउसआर्ट्सकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं, झोप कशी आहे, भूक कशी आहे विचारलं, आणि सहा आठवड्यांनी परत या म्हणाल्या. ती परत गेली नाही.

जूनमध्ये इल्दिकोने विचारलं, "हल्ली गर्दी व्हायला लागलीय. मागचे आवाज येतात. तुझ्या भावाला विचारशील?"

"विचारते," मंजूषा म्हणाली.

तिने दुपारभर इंटरनेटवर शोधलं, मग इल्दिकोला लिहिलं: भाऊ म्हणतो, माइक कॉलरला न लावता हनुवटीजवळ धर, आणि गर्दीकडे तोंड करून उभी राहा, पाठ करून नको. उपाय लागू पडला. दोन आठवड्यांनी इल्दिकोने आणखी काही विचारलं. भाऊ म्हणतो, मंजूषाने लिहिलं. असं चारदा झालं. खोटं बोलल्याची बोचणीही तिला लागली नाही. तेवढा वेळ काहीतरी चालू आहे असं वाटायचं, एवढंच.

ऑगस्टमध्ये टेकडीवरच्या मैफली सुरू झाल्या. इल्दिकोने एक छोटा व्हिडिओ पाठवला. तिच्या हातात वाइनचा पेला होता, मागे दिवे, वादकांची जुळवाजुळव. व्हिडिओत ती म्हणत होती, "मान्युशाच्या भावा, तुझं नाव मला अजून माहीत नाही. इतके महिने तू आम्हाला मदत केलीस. तू इथे ये. मी तुला टूर फुकट देईन." खाली लिहिलं होतं, हे त्याला पाठव.

मंजूषाने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग इल्दिकोला फोन लावला.

"त्याचं नाव जयप्रकाश," ती म्हणाली. "तो एप्रिलमध्ये गेला. अठ्ठावीस तारखेला."



"अठ्ठावीस म्हणजे बुधवार," इल्दिको म्हणाली.

"हो."

"आपण त्या दिवशी टूर केली."

"हो."

"आणि जूनमध्ये मी विचारलं तेव्हा..."

"ते मीच शोधून सांगत होते."

इल्दिको रागावली नाही. तिने सांत्वनाचं काही म्हटलंही नाही. तिने विचारलं, "तो कसा होता?" तो उंच होता, ती म्हणाली. आणि मग, थोड्या वेळाने, त्याला कुणाच्याही घरी गेलं की आधी पंख्याचा आवाज ऐकू यायचा. पंख्याला तेल घाला म्हणायचा. इल्दिको हसली. मंजूषा हसली नाही. पण फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की एप्रिलनंतर दादा कसा होता याबद्दल ती पहिल्यांदाच कुणाशी बोलली होती.

डिसेंबरमध्ये तिला जाता आलं. नव्या व्हेरिअंटच्या बातम्या येत होत्या. विश्वास म्हणाला, पुन्हा दारं बंद व्हायच्या आत जाऊन ये. पीसीआरचे कागद घेऊन ती एकटीच पुण्याला उतरली आणि गाडी करून कराडला गेली.

वहिनी बारीक झाली होती. दादाचं साउंडचं गोडाऊन तिने हरिहरला चालवायला दिलं होतं. तो अधूनमधून छोटी कामं घेत होता. पहिले दोन दिवस येणारे-जाणारे येत राहिले. प्रत्येकाने दादाची एक आठवण सांगितली आणि चहा पिऊन गेला. वहिनी प्रत्येकाला तोच दिवस परत सांगत होती. रात्रीची झोप तर केव्हाचीच गेलीय, दुपारी डोळा लागेल म्हटलं तर तोही लागत नाही, असं ती शेजारणीला सांगताना मंजूषाने ऐकलं.

तिसऱ्या दुपारी घरात दोघीच होत्या. वहिनीने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटारच्या शेंगांचा ढीग ओतला. दोघी सोलायला बसल्या.

"मला काही बघता आलं नाही," वहिनी म्हणाली. "हरिहर म्हणाला, ताईंनी सगळं पाहिलं फोनवर. पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"कुणी काही म्हटलं का? मंत्र वगैरे? हरिहरला विचारलं तर तो नुसता रडतो."

मंजूषाच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. "वहिनी, मला ऐकू आलं नाही. मी आवाज बंद केला होता."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. "का गं?"

"माझी टूर होती तेव्हा. बुडापेस्टची. कानात ती चालू होती." आता सांगायचंच तर सगळं, असं वाटून ती म्हणाली, "एका माणसाने प्रश्न विचारला, त्याचं उत्तरही मी लिहिलं. दादाला नेत असताना."

वहिनीने सोललेले दाणे पातेल्यात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. अजून दोन शेंगा सोलल्या. मंजूषाला वाटलं, आता ही उठून जाईल. जायलाही हवं.

"मी पलंगावर बसून काय करत होते माहितेय?" वहिनी म्हणाली. "लाइटबिल शोधत होते. अडीच वाजता. ह्यांना तिकडं नेत होते आणि मी मागच्या महिन्याचं बिल कुठं ठेवलं ते शोधत होते." तिने पुढची शेंग उचलली. "काय सांगत होती ती बाई तुला? तेव्हा?"

"काही नाही, रोजचंच."

"तरी सांग. तू तेव्हा काय ऐकत होतीस ते तरी मला कळू दे."

मग मंजूषाने सांगितलं. आधी अडखळत, मग आपोआप. टेकडीच्या उत्तर टोकाला कमान आहे, तिथून आत यायचं. गल्ली दगडी फरशीची आहे, टाचांचे बूट घालू नका. जुन्या घरांच्या दरवाज्यातून आत गेलं की दोन्ही भिंतींत कमानदार कोनाडे आहेत, एका ओळीत, माणूस बसेल एवढे. पाचशे-सहाशे वर्षांचे.

"त्यात कोण बसायचं?"

"नक्की कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतात दुकानदार, कुणी म्हणतात वाट बघणारे नोकर."

"वाट बघणारेच असतील," वहिनी म्हणाली.

पुढे एका सरदाराचा घोड्यावरचा पुतळा आहे. परीक्षेच्या आधी पोरं येऊन घोड्याच्या मागच्या पायांमधले ते चोळतात, नशीब उघडतं म्हणून. तेवढाच भाग पिवळाधमक. वहिनीच्या तोंडावर हसू आलं, तिने ते पदराने पुसलं. "ह्यांना हे सांगितलं होतंस का?"

"नाही. सांगायचं राहिलं."

मग चौकातला खांब आला. आधी लहान, साथ परत आल्यावर मोठा. वहिनीने पाय पसरले, पाठ भिंतीला टेकवली. मग चर्च, त्याची रंगीत कौलं, मनोऱ्याच्या टोकावर चोचीत अंगठी धरलेला कावळा. तटाच्या पायऱ्या. खाली नदी, नदीवर पूल, पलीकडे दुसरं शहर. मंजूषा इल्दिकोच्याच क्रमाने जात होती, तिच्याच थांबण्याच्या जागी थांबत होती.

राजवाड्याच्या अंगणापाशी आल्यावर तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीची मान एका बाजूला कलली होती. हातातली शेंग सुटून मांडीवर पडली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

मंजूषाने तिच्या मांडीवरची शेंग उचलली. रस्त्यावरून कुणीतरी टेम्पो सुरू करत होतं, तो एकदाचा सुरू होऊन गेला. आवाज अगदी खाली आणून ती पुढचं सांगत राहिली, कारण टूर अजून वीस मिनिटं उरली होती, आणि मटारही बरेच होते.